महादेवाचं नाव

वारंगा फाट्यावर नांदेडच्या गाड्या थांबतात तिथे एका लाकडी टपरीत बसून विश्वंभर सध्या मोबाईलची रिचार्ज कार्डं विकतो. गिऱ्हाईक आलं की कार्ड काढतो, नंबर खरवडून देतो आणि पुन्हा गप्प बसतो. हा माणूस एके काळी अख्ख्या कळमनुरीला गाणी दाखवायचा असं शेजारच्या हॉटेलातल्या पोरांना सांगितलं तर ती हसतात. त्यांच्या हसण्याचा मला राग येतो. मला राग लवकर येतोच, कळमनुरीत कोणालाही विचारा. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस शांत असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा घड्याळ दुरुस्त करून बघावं.

माझं दुकान बाजाराच्या रस्त्यावर आणि त्याच्या वरच्या मजल्यावर व्यंकटरावांच्या केबलची कंट्रोल रूम. व्यंकटराव म्हणजे घरची भरपूर शेती, मोंढ्यात आडत आणि चार माणसांत शब्दाला वजन. पंच्याण्णव साली त्यांनी गच्चीवर डिशची छत्री बसवली तेव्हा आम्ही अजून परभणी जिल्ह्यात होतो. विश्वंभर त्यांच्याकडे खांबावर चढून तार ओढायला लागला. काटकुळा, बोलका आणि गाण्याचा वेडा. कामाला कधी नाही म्हणायचा नाही, एवढी एकच खोड होती.

तेव्हा केबलवर रात्री एक सिनेमा लागायचा. दुपारी त्या चॅनलवर नुसता निळा पडदा. एका दुपारी विश्वंभरने सहज गाण्यांची एक कॅसेट लावून दिली. भाड्याने आणलेल्या सिनेमांतली गाणी उचलून त्यानेच ती रिकाम्या वेळात तयार केली होती. झालं! बायका हातातलं लाटणं तसंच घेऊन टीव्हीपुढे आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा पुन्हा निळा दिसला तेव्हा लोक जिना चढून भांडायला आले. "काल दाखवलं, मंग आज काहून न्हाई?" व्यंकटराव हुशार माणूस. त्यांनी ओळखलं की निळ्या पडद्यावर धंदा आहे. चॅनलला नाव दिलं 'व्यंकटेश संगीत'. नाव मालकाचं, घाम विश्वंभरचा. जगाची रीतच ती.

सुरुवातीला चॅनलचं नाव दाखवायचं तर विश्वंभर रंगाने लिहिलेला पुठ्ठा कॅमेऱ्यापुढे धरायचा. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा दिसायचा. तो अंगठा आमच्या गावात मालकापेक्षा जास्त ओळखीचा झाला. पुढे त्याने लग्नात शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्याचा कॅमेरा मागून आणला आणि गावातल्याच माणसांची गाणी काढायला लागला. बँडवाल्यांना त्याने इसापूरच्या धरणावर नेऊन उभं केलं. भजनी मंडळाला तुरीच्या शेतात चालवलं. कापड दुकानवाल्याचं पोरगं उन्हाळ्यात कोट घालून नाचलं आणि चक्कर येऊन पडलं. ते पडणंसुद्धा याने गाण्यात ठेवलं, आणि लोकांनी तेच पुन्हा पुन्हा मागितलं. ज्यांचे फोटोसुद्धा कधी कोणी काढले नव्हते अशी माणसं आमच्या गावात तेव्हा टीव्हीत गात होती. मी सांगतो, पैसा घालूनही असा आनंद कोणाला आणता आला नसता.

आम्ही परभणीतून निघून हिंगोलीत आलो, जिल्हा नवा झाला, आणि त्याच सुमारास कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटर आला. त्यावर मराठी उमटायला लागली आणि पट्टी सुरू झाली. पट्टी म्हणजे गाणं चालू असताना पडद्याच्या खालून सरकत जाणारी अक्षरं. कोणी कोणासाठी गाणं सांगितलं ते त्यात यायचं. प्रत्येक पट्टीच्या शेवटी विश्वंभर स्वतःच्या मनाने दोन शब्द टाकायचा, 'प्रेमाची भेट'. मामाने भाच्याला गाणं लावलं तरी प्रेमाची भेट, सरपंचाने तहसीलदाराला लावलं तरी प्रेमाची भेट. बाजाराच्या दिवशी खेड्यांतली माणसं माझ्या दुकानापुढे रांग लावून विश्वंभरला फर्माईश सांगायची. व्यंकटरावांची तार तोवर वारंग्याच्या रस्त्याने वाड्यावस्त्यांपर्यंत गेली होती.

या रांगेत बायका जास्त असायच्या, आणि त्याचं एक कारण होतं. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात चार जणींनी दारात अडवलं तर उखाण्यात घेईल, एरवी मेली तरी घेणार नाही. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. जन्मभर ज्याचं नाव ओठांवर आणायचं नाही, त्याचं नाव आपल्या नावाशेजारून टीव्हीत सरकत जातं, हे त्या बायकांना केवढं वाटत असेल! पण अडचण अशी की पट्टीसाठी नाव सांगावं तर लागणारच. मग त्या कोड्यात सांगायच्या. "ज्यानं लंका जाळली." विश्वंभर लिहायचा, मारुती. "बासरीवाला." किसन. "उंदरावर बसतो तो." गणपत. रांग हसायची, ती बाई लाजायची, विश्वंभर छाती फुगवायचा. बाई अर्धं बोलली की हा नाव लिहून मोकळा. त्याला या ओळखण्याचा गर्व झाला होता आणि मी त्याला तसं बोललोही होतो. "मामा," तो म्हणाला, "आजवर एक तरी चुकलं का?" चुकलं नव्हतं, हे खरं.

सत्यशीला आली ती दोन हजार तीनच्या आखाडात. खारवाडी नावाची मेंढरं राखणाऱ्यांची वस्ती गावापासून जवळच आहे, तिथली सून. कडेवर लहान पोरगी. सासरा रखमाजी याच्या मागे लागून तिने घरात टीव्ही आणवला होता. नवरा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन यवतमाळकडच्या रानात गेलेला, तो आता परतणार होता. माझ्या काउंटरला टेकूनच ती बोलत होती, म्हणून शब्दन् शब्द मी ऐकला.

"भाऊ, उद्या सांजच्याला आमचे येऊन राहिले. त्यांच्यासाठी एक गाणं लावा. अन् खाली नाव येतं न, तेबी येऊ द्या."

"तुझं नाव?" विश्वंभरने विचारलं.

"सत्यशीला. खारवाडीची."

"अन् त्याचं?"

तिने पदर तोंडाला लावला. "महादेवाचं नाव हाय."

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजत होता. वाडीच्या बायकांना बाजाराला आणणारी जीप निघायच्या घाईत होती. ती पोरीला सावरत पळाली आणि विश्वंभरने लिहिलं, महादेव.

तिच्या नवऱ्याचं नाव होतं शिवहार. शिवहार म्हणजे महादेवच. तिने खोटं काही सांगितलं नव्हतं, नाव महादेवाचंच होतं. याने मात्र देवाच्या नावांतलं सगळ्यात सोपं उचललं आणि पुढचं विचारलं नाही. ध चा मा करायला दरवेळी कपटच लागतं असं नाही, घाई पुरते. आणि नशीब असं खट्याळ की वाडीच्या त्या जीपवाल्याचं नाव महादेव होतं.

दुसऱ्या संध्याकाळी रखमाजीच्या घरात सगळी वाडी जमली होती. शिवहार नुकताच पाय धुऊन बसलेला, मांडीवर पोरगी. गाणं लागलं. खालून पट्टी निघाली. सत्यशीला शाळेत गेलेली नव्हती, तिला वाचता येत नव्हतं. शिवहारलाही येत नव्हतं. अक्षरं सरकायला लागली तशी ती पट्टीकडे बोट दाखवून हसायला लागली. तिला वाटलं, आलं एकदाचं त्यांचं नाव. तेवढ्यात शेजारच्या एका शिकलेल्याने मोठ्याने वाचलं, "खारवाडीच्या सत्यशीला यांच्याकडून महादेव यांना प्रेमाची भेट." ती अजून हसतच होती, असं नंतर ज्याने त्याने सांगितलं. त्या हसण्याचाही पुढे तिच्याविरुद्ध पुरावा झाला.

लगेच कोणीतरी विळा घेऊन अंगणातल्या खांबावर चढलं आणि वाडीची तार तोडली. महादेव जीपवाला भिऊन नांदेडला पळाला. तो पळाला म्हणून गोष्ट आणखी खरी ठरली. पळपुट्याला ठोकून काढायला हवा होता, पण त्याचाही काय दोष? त्याला तर काहीच माहीत नव्हतं.

सकाळी वाडीची माणसं काठ्या घेऊन व्यंकटरावांच्या दारात आली. विश्वंभर तेव्हा फाट्याकडे तार जोडायला गेला होता. त्याला बोलावून एक शब्द विचारला असता तरी प्रकरण मिटलं असतं. व्यंकटरावांनी काय केलं? चहा मागवला, सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "आमच्याकडं माणूस जे सांगतो तेच पट्टीवर जातं. आमच्या मनाचं आम्ही काही टाकत न्हाई. तुमच्या बाईनं काय सांगितलं ते तुमच्या बाईला विचारा." चॅनलवर बालंट येऊ नये म्हणून एका बाईवर ढकलून मोकळे झाले. वर चहाही पाजला.

विश्वंभर परत आला आणि त्याला हे कळलं तेव्हा तो माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. "मामा, तिनं महादेवाचं नाव म्हणलं होतं. महादेव न्हाई म्हणलं." त्याच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला होता. मी त्याला शिव्या घातल्या, दुकान बंद केलं आणि त्याच्याबरोबर वाडीला गेलो.

मारुतीच्या पारावर माणसं बसली होती. सत्यशीला एका बाजूला उभी, मागे तिची सासू चंद्रभागाबाई. विश्वंभरने हात जोडून सांगितलं की चूक माझी, बाईने बरोबर सांगितलं होतं, मी ऐकण्यात घोळ केला. मी साक्ष दिली. एका म्हाताऱ्याने तिला विचारलं, "बाई, तू तोंडानं सांग. कोणाचं नाव सांगितलंस?"

तिने इकडे तिकडे पाहिलं. समोर नवरा, सासरा, गावातली थोर माणसं. "महादेवाचं नाव," ती म्हणाली.

"पाहा," कोणीतरी म्हणालं.

"अगं, सरळ नाव घे न त्याचं!" मी ओरडलो. "एकदा घे अन् मोकळी हो!"

तेवढ्यात चंद्रभागाबाई पुढे आली. "नाव घेऊ नको. घेशील तर माझ्या लेकराचं आयुष्य खाशील. अन् नवऱ्याला नावानं बोलणारी बाई आमच्या घरची न्हाई." ही चंद्रभागाबाई चाळीस वर्षं रखमाजीला 'अहो ऐकलं का' म्हणत आलेली. सून काय म्हणते ते तिला पहिल्या झटक्यात कळलं होतं, मी पैजेवर सांगतो. पण सुनेने आणवलेला टीव्ही तिला आधीपासून खुपत होता. नाव घ्यावं तर घरची नाही, न घ्यावं तर दुसऱ्याची. सत्यशीला खाली मान घालून उभी राहिली.

मग मीच सगळ्यांना समजावलं. शिवहार हे महादेवाचं नाव आहे की नाही? आहे. मग तिने चुकीचं काय सांगितलं? म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर पारावरच्या प्रत्येकाला पटलं होतं. पण शिवहार म्हणाला, "मला पटून काय उपेग? बाजारात पोरं मला महादेव आला का म्हून हाका मारून राहिले. व्यंकटरावसारखा माणूस म्हणतो बाईनं सांगितलं तेच लिहिलं. ज्या पट्टीवर माझी लाज गेली, त्याच पट्टीवर दुरुस्ती येऊ द्या. तवर ती माहेरी ऱ्हाईल."

तिचं माहेर सेनगावकडे. त्याच दुपारी ती एसटीत बसली. पोरीला तिने बरोबर नेलं. मुलगा असता तर कोणीतरी अडवला असता.

आता सगळं एका पट्टीवर येऊन अडकलं होतं. दोन ओळी टाईप करायच्या, एवढंच काम. विश्वंभर तडक कंट्रोल रूममध्ये गेला तेव्हा व्यंकटराव तिथे खुर्चीत बसलेले. मी जिन्यात उभा होतो.

"मालक, दुरुस्ती टाकतो."

"टाकायची न्हाई."

"एका बाईचा संसार हाय, मालक."

"अन् माझा धंदा? आज एक चूक कबूल केली तर उद्या जो तो पट्टीवरून भांडायला येईल. मी चार माणसांत एक शब्द बोललोय विश्वंभर, तो मी टीव्हीवर फिरवू का?"

त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून पट्टी बंद करून टाकली. फर्माईश बंद, कोडी बंद, माझ्या दुकानापुढची रांग बंद. लोकांना आपलं नाव दिसेना तसे ते चॅनलही बघेनासे झाले. गाणी तर दुसरीकडेही लागत होती, मुंबईच्या चॅनलांवर, अर्ध्या कपड्यांतल्या पोरी बर्फात नाचणारी. आमच्या तुरीच्या शेतातल्या भजनी मंडळाकडे कोण बघतो? विश्वंभरचं चॅनल लोक बघत होते ते त्यात आपण स्वतः होतो म्हणून.

व्यंकटरावांचं डोकं तोवर तिसरीकडेच चालू होतं. शहरातला एक मोठा नेटवर्कवाला खेड्यापाड्यांतल्या तारा घेत फिरत होता. त्याच्या एका तारेत शंभर चॅनलं यायची. दसऱ्यापासून तार त्याची होणार, कंट्रोल रूम बंद, 'व्यंकटेश संगीत' बंद, असं ठरलं. विश्वंभरला नव्या मालकाकडे लाईनमनची नोकरी लावून द्यायचं व्यंकटरावांनी कबूल केलं होतं. "फक्त तवर गपचीप ऱ्हाय," ते म्हणाले.

विश्वंभर गपचीप राहिला, म्हणजे तोंडाने. रोज सकाळी जिना चढायच्या आधी माझ्याकडे यायचा आणि तेच विचारायचा. "मामा, सेनगावकडून काही कळलं का?" काही कळत नव्हतं. एकदा तो स्वतः तिकडे जाऊन आला. सत्यशीलाच्या बापाने त्याला दारातूनच परत पाठवलं. "तुला एवढी काहून तळमळ तिची?" असं विचारलं. हा प्रश्न ऐकून तो घाबरला. तिला सोडवायला जावं तर आपल्यामुळे आणखी एक नाव चिकटायचं. त्याने नंतर जाणं सोडलं, पण त्याची भाकरी कमी झाली. माझ्यासमोर बसून डबा उघडायचा आणि तसाच झाकायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी व्यंकटराव सह्या करायला नांदेडला गेले. विश्वंभर सकाळी आला तो खांद्यावर तारेचं वेटोळं घेऊन. "मामा, आज चॅनलचा शेवटचा दिवस हाय. अन् वाडीची तार अजून तुटलेलीच हाय. आधी ती जोडून येतो." आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असं व्हायला नको, हे त्या दिवशी त्याला बरोबर सुचलं. वाडीत जाऊन तो खांबावर चढला. पोरांनी खालून दगड मारले. जोडून आला. कपाळाला लागलं होतं ते त्याने पुसलंही नाही. मग वर जाऊन त्याने टाईप केलं आणि मला वाचायला बोलावलं.

"खारवाडीच्या सत्यशीला यांनी आपले पती शिवहार रखमाजी यांच्यासाठी गाणे सांगितले होते. पट्टीवर दुसरे नाव गेले ती चूक विश्वंभरची. सत्यशीला यांचा दोष नाही."

'प्रेमाची भेट' टाकली नव्हती. मी म्हणालो, "ठीक हाय." त्याने मला वाडीला पाठवलं आणि स्वतः दार आतून लावून बसला. त्या काळात लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसायचा, म्हणून कंट्रोल रूमची बॅटरी असेपर्यंत पट्टी चालूच ठेवायची असं त्याने ठरवलं होतं. कळमनुरीतून कोणीतरी नांदेडला फोन केला. व्यंकटरावांचे फोनवर फोन आले. त्याने एकही उचलला नाही. नव्या मालकाकडची नोकरी गेली हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं.

वाडीत मी रखमाजीच्या ओट्यावर बसून राहिलो. लाईट नव्हती. चंद्रभागाबाईने पाणीसुद्धा विचारलं नाही. दुपार कलली तेव्हा कुठे लाईट आली. टीव्ही लावला आणि पट्टी निघाली. मागच्या वेळी वाचलं होतं त्याच शेजाऱ्याला मी हाताला धरून आणलं आणि म्हणालो, आता वाच. त्याने वाचलं. शिवहार म्हणाला, "आणिक एकदा वाच." पुन्हा वाचलं. शेजारपाजारची माणसं जमली, जो तो वाचायला लागला. चंद्रभागाबाईने डोळ्याला पदर लावला. "माझी सून निर्मळच हाय, मी काय म्हणत होते!" मला असा संताप आला! आम्ही दोघं हाडामासाची माणसं हात जोडून सांगत होतो ते हवेत गेलं, आणि काचेत आलं ते खरं झालं. पण मी जीभ आवरली. बाईचं घर वसतंय ना, मग माझ्या रागाला कोण विचारतो.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, आम्ही तिघं भाड्याची जीप करून तिला आणायला निघालो. शिवहारने नवा फेटा बांधला होता. विश्वंभर पहिल्यांदाच हसत होता. चॅनल सकाळीच गेलं होतं, त्याच्या जागी मुंबईचं एक गाण्याचं चॅनल आलं होतं. पण त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. "जाऊ द्या मामा," तो जीपमध्ये म्हणाला, "शेवटी बराबर लावलं."

सत्यशीला अंगणात सोयाबीन झोडपत होती. आम्हाला पाहून ती थांबली. पोरगी बापाकडे धावली नाही, आईच्या मागे उभी राहिली. सत्यशीलाच्या आईने लगबगीने घोंगडी टाकली, जावयाला पाणी दिलं, लेकीला आत जाऊन लुगडं बदल म्हणाली. सत्यशीला जागची हलली नाही.

"टीव्हीत आलं म्हून आलाव?" तिने शिवहारला विचारलं.

"व्हय. समद्यांनी वाचलं. आता कोणी काही म्हणत न्हाई. चल."

"मला वाचता येत न्हाई. तुमालाबी येत न्हाई. मंग आपल्या दोघांत ते काहून आलं?"

शिवहार फेट्याचा शेव चाचपत राहिला.

"मी कोणाचं नाव सांगितलं, तुमाला ठाऊक नव्हतं?"

"होतं," शिवहार म्हणाला. "त्याच टायमाला ठाऊक होतं. पण लोक हसून राहिले होते."

तिने मान हलवली, जसं काही तिला एवढंच ऐकायचं होतं. विश्वंभर मधे पडला. "ताई, चूक माझी हाय. त्यांच्यावर राग धरू नका." तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच मला ती बघवली नाही. "भाऊ, तुमी माणूस चांगले हाव," ती म्हणाली. "पण तुमची चूक लई बारकी होती."

मग तिने डोक्यावरचा पदर नीट केला, नवऱ्याकडे सरळ बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शिवहार, तू जाय."

तिच्या आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. पण ते निघून गेलं होतं. सत्यशीलाने आईचा हात बाजूला केला आणि पुन्हा सोयाबीन झोडपायला लागली.

परतताना जीपमध्ये विश्वंभरचा चेहरा मला बघवेना. नोकरी घालवली, चॅनल गेलं, तेवढं करूनही जे दुरुस्त करायचं ते झालं नव्हतं. सेनगावच्या स्टँडवर चहाला थांबलो. शिवहारने कप हातात घेतला, प्यायला नाही.

"विश्वंभरभाऊ," तो म्हणाला, "तिनं माझंच नाव घेतलं न?"

"तुमचंच घेतलं," विश्वंभर म्हणाला. "बराबर घेतलं."

"पहिल्यांदाच घेतलं," शिवहार म्हणाला.